सीपीयू ९९ अंशांवर, हीटसिंक मात्र कोमट : डेस्कटॉप अचानक बंद पडतोय, मदत हवी

नमस्कार. गेले दहा दिवस माझा डेस्कटॉप चालू कामात धाडकन बंद पडतोय. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. वीज गेल्यासारखं सगळं काळं होतं आणि पंखे थांबतात. लगेच बटण दाबलं तर दोन-तीन सेकंद चालून परत बंद. दहा मिनिटं थांबलं की व्यवस्थित सुरू होतो. शनिवारी व्हिडिओचं एक्सपोर्ट ८० टक्क्यांवर असताना गेला आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं.

मशीन सहा वर्षांचं आहे. प्रोसेसर ६५ वॉटचा, सहा कोअरचा, वर त्याच्यासोबत आलेलाच चार प्लॅस्टिक पिनांचा कूलर (उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक आणि त्यावर पंखा). एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ४५० वॉटचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

धूळ साफ करून झाली. पंख्याची पाती बोटाने धरून कॉम्प्रेस्ड एअर मारली, पुढची जाळी धुतली, कॅबिनेट भिंतीपासून लांब ठेवलं. काडीचा फरक नाही. आणि मला आता वाटतंय की हा धुळीचा प्रश्नच नाही. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नुसतं बसल्या जागी ५० ते ५५ अंश दिसतात, पण एक्सपोर्ट सुरू केलं की तीन-चार सेकंदांत थेट ९९. हवा नीट खेळत नसती तर तापमान हळूहळू चढलं असतं ना? इथे उडीच मारतं. थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी करणं) रकान्यात 'येस' येतं, पंखा पूर्ण वेगाने ओरडत असतो.

तेवढ्यात हीटसिंकच्या कडेला बोट लावून पाहिलं तर तो जेमतेम कोमट! खाली ९९ अंश असताना वरचा धातू चांगला चटका देईल असं वाटलं होतं. म्हणजे उष्णता वर पोचतच नाहीये. मग मशीन बंद करून मागचं पॅनल काढलं आणि टॉर्च मारला. तीन पिनांची टोकं बोर्डातून बाहेर येऊन फाकलेली आहेत, चौथीचं टोक मात्र भोकातच राहिलंय. त्या कोपऱ्यात कूलर किंचित हलतोही.

इथपर्यंत चित्र स्पष्ट आहे. गोंधळ पुढे आहे. तापमानाची नोंद दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये जाते. तीन वेळा बंद पडला त्यातल्या दोनदा शेवटची ओळ १०० अंशांची, पण तिसऱ्यांदा ७१ ची. दोन सेकंदांच्या मधल्या फटीत उडी मारली असेल, की एसएमपीएसही गेलाय? त्याचा पंखा फिरतो, पण बाहेर येणारी हवा बरीच गरम लागते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) फक्त 'कर्नल-पॉवर ४१' आहे. त्यावरून मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढंच कळतं, कारण कळत नाही. शनिवारनंतर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ७० टक्के केली, तेव्हापासून दोन दिवस एकदाही बंद पडला नाही. पण त्याने एसएमपीएसवरचा भारही कमी होतो, म्हणून हा पुरावा धरवत नाही.

ज्यांनी असा कूलर स्वतः काढून बसवलाय त्यांनी कृपया सांगा : ती चौथी पिन बोर्ड न काढता वरून दाबून बसवली तर चालेल, की प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली, उष्णता वर पोचवणारी सुकलेली पेस्ट एकदा हलली म्हणजे कूलर काढून, पुसून, नवी पेस्ट लावावीच लागेल? पिनच मोडली असेल तर मागे पट्टी लावून स्क्रूने बसणारा कूलर घेणं बरं का? आणि दुसरा एसएमपीएस हाताशी नसताना त्या ७१ अंशांचा छडा कसा लावायचा? नोंदीचं अंतर आज अर्ध्या सेकंदावर आणलंय. मर्यादा काढून मुद्दाम एकदा बंद पाडून पाहण्यात बोर्डाला काही धोका आहे का, हे कळलं तरच ती चाचणी करेन.