‘मर्चंट टोकन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या यादवी युद्धात दुकानदारांनी काढलेल्या तांब्याच्या चकत्यांवर लेख लिहितोय. ‘खासगी नाणं’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: ‘नाणं’ नको. नाण्यामागे सरकार असतं, इथे फक्त दुकानदाराची पत होती. १९४३ चा आपला भोकाचा पैसाही युद्धकाळातलाच, पण तो सरकारी, म्हणून नाणं. १८६२ मध्ये अमेरिकेत लोकांनी सोनं-चांदी दडवली, मागोमाग एक सेंटचं नाणंही दिसेनासं झालं. मोड म्हणून टपाल तिकिटं द्यायला लागले, तर ती हाताला चिकटायची. मग जॉन गॉल्ट नावाच्या व्यावसायिकानं ती अभ्रकाखाली पितळी कोंदणात बसवली. दुकानदारांनी सरळ सेंटच्या आकाराच्या चकत्या पाडून घेतल्या. काहींवर ठळक अक्षरांत ‘वन सेंट’ आणि त्याच्या डोक्यावर अगदी बारीक ‘नॉट’! आपण नाणं नाही हे जी वस्तू स्वतःच सांगते, तिला नाणं कसं म्हणायचं?

‘बिल्ला’ सुचेल, पण तो हमालाच्या दंडावरचा, ओळखीचा. बँकेत रांगेत उभं राहिलेल्याला ‘टोकन’ कळतं, तेच ठेवा.

क्रियापद मात्र जपून वापरा. टोकन ‘चालतं’ आणि ‘वटतं’ यांत फरक आहे. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर या बिअरवाल्यानं दहा लाखांवर टोकनं काढली असं सांगतात. त्यावर फेसाळता मग आहे. थर्ड ॲव्हेन्यू रेलरोड या घोड्यांच्या ट्राम कंपनीकडे भाड्यात त्यांचा ढीग साठला, तो वटवून मागितला, तर यानं साफ नकार दिला. टोकनं चालली, वटली नाहीत. १८६४ मध्ये अमेरिकी संसदेनं (काँग्रेसनं) नाण्यासारखी चालणारी अशी खासगी टोकनं पाडण्यावर बंदी आणली.

आणखी एक: संग्राहकांच्या ‘स्टोअर कार्ड’चं ‘दुकानाचं कार्ड’ करू नका, वाचक पुठ्ठा समजेल. ‘दुकानाच्या नावाचं टोकन’ लिहा. दुसरा प्रकार देशभक्तीच्या टोकनांचा, त्यावर दुकानाचं नाव नसतं. या टोकनांची सूची करणाऱ्या फुल्ड पितापुत्रांच्या सूचीतही हेच दोन भाग आहेत. झेंडा उतरवू पाहील त्याला जागीच (‘ऑन द स्पॉट’) गोळी घाला, हा तेव्हाचे अर्थमंत्री, पुढे जनरल झालेले जॉन डिक्स यांचा हुकूम; त्यावरून काढलेलं टोकन याच दुसऱ्या प्रकारात येतं. त्या टोकनाच्या एका साच्यात ‘स्पॉट’चं ‘स्पूट’ झालंय. ते टोकन लेखात घेतलंत तर चूक सुधारू नका, जशीच्या तशी छापा. संग्राहक साचे ओळखतात ते अशाच खुणांवरून.