मदत हवी आहे: फ्रीमाँट ते योसेमिटी व्हॅली, हायवे १२० ने, मार्चअखेर. घाट, साखळ्या, गाडी लागणे

चकवाचांदणं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी फ्रीमाँटहून निघून दोन रात्री व्हॅलीत, रविवारी परत. गाडी २०१९ ची कॅमरी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर ऑल सीझन. चार माणसं, त्यात पुण्याहून आलेले आईबाबा, दोघंही सत्तरीपुढचे. आईला घाटात गाडी लागते.

१. मँटेकाहून हायवे १२० धरायचा एवढं कळलंय. पुढे कुठे चुकायला होतं?
२. प्रीस्ट ग्रेडचा जुना घाट की नवा?
३. व्हॅलीचं हवामान ७ अंशांच्या वर आणि पावसाचं दाखवतंय. म्हणजे बर्फात टायरना लावायच्या साखळ्या लागणार नाहीत ना?
४. त्यापेक्षा भाड्याने ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी का?

---

कोपऱ्यातला मैलदगड

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. व्हॅलीचा तळ साधारण ४,००० फुटांवर आहे, पण १२० ने जाताना तुम्ही आधी क्रेन फ्लॅटला ६,२०० फुटांच्या आसपास चढता आणि मग दोन हजार फूट खाली व्हॅलीत उतरता. म्हणजे मुक्कामापेक्षा वाटच उंच. व्हॅलीत ७ अंश आणि पाऊस असेल तेव्हा क्रेन फ्लॅटला बर्फ पडत असू शकतो. हवामान बघायचं ते क्रेन फ्लॅटचं. मार्चअखेर हा तिथे पूर्ण हिवाळाच समजा.

आता रस्ता. ६८० वरून ५८०, आल्टामाँटच्या पवनचक्क्या ओलांडून २०५, मग थोडंसं आय-५ उत्तरेकडे आणि लगेच १२० पूर्व. मँटेकात हा फ्रीवे ९९ ला येऊन भिडतो. पहिली चूक इथे होते: १२० सरळ पुढे जात नाही. ९९ वर उत्तरेला वळून जेमतेम मैलभर जायचं आणि योसेमिटी अ‍ॅव्हेन्यूच्या एक्झिटने उतरून पूर्वेला लागायचं. गप्पांत तो एक्झिट हुकला की थेट स्टॉकटनच्या दिशेला.

पुढे एस्कलॉन, मग ओकडेल. ओकडेलला नदीवरचा पूल ओलांडून गावात शिरलात की एफ स्ट्रीटवर डावीकडे वळा. इथून १०८ आणि १२० एकत्र जातात. पेट्रोल इथेच फुल करा, पुढे दर चढत जातात आणि व्हॅलीत पंपच नाही. (क्रेन फ्लॅटला आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नका.)

ओकडेलनंतर पंचवीसेक मैलांवर योसेमिटी जंक्शन. १०८ डावीकडे सोनोराला जातो, तुम्ही उजवीकडे. चायनीज कॅम्पला ४९ येऊन मिळतो, डॉन पेड्रो जलाशयावरचा पूल ओलांडला की मोकॅसिन. तिथलं वीजघर दिसलं की बाबांना सांगा, सॅन फ्रान्सिस्कोच्या नळाला येणारं हेच हेच हेचीचं पाणी. (दोनदा 'हेच' चुकून पडलेलं नाही, धरणाच्या खोऱ्याचं नावच हेच हेची आहे.) मोकॅसिनहून ४९ दक्षिणेला कोल्टरव्हिलकडे फुटतो, तिकडे जायचं नाही. समोर प्रीस्ट ग्रेडचा घाट.

दुसरी मोठी चूक क्रेन फ्लॅटला. इथपर्यंत '१२०' ची पाटी बघत आलेला माणूस तिथेही १२० च बघतो. पण १२० इथून डावीकडे टायोगा पासला चढतो, ९,९४३ फुटांवर. साधारण नोव्हेंबरपासून मेअखेर किंवा जूनपर्यंत तो बंदच असतो. व्हॅलीसाठी डावीकडे न वळता बिग ओक फ्लॅट रोडने पुढे, 'योसेमिटी व्हॅली' ही पाटी बघत. तिथून व्हॅली सोळाएक मैल. वाटेत बोगदे आहेत, हेडलाइट लावा.

---

उतारकरू

जुना घाट म्हणजे दोन मैलांत सुमारे १,५०० फूट. सरासरी काढलीत तर १४ टक्क्यांच्या वर, काही तुकडे याहूनही खडे. अरुंद, कडेला कठडा जवळपास नाही. मोठ्या गाड्या आणि ट्रेलर यांना तिथे बंदी आहे. नवा घाट तेवढीच उंची बरीच लांब वळणं घेत चढतो आणि हायवे १२० म्हणजे तोच. नकाशाचं अ‍ॅप मात्र चार-पाच मिनिटं वाचतात म्हणून हमखास जुन्यात घालतं.

येताना, म्हणजे उतरताना, नवाच. यावर चर्चा नको.

कारण सांगतो. आपल्याकडे ड्रायव्हर मंडळी म्हणतात ना, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ऑटोमॅटिक गाडीत हे विसरायला होतं. माणूस डी मध्ये ठेवून ब्रेकवर पाय टाकून बसतो. दोन मैल सतत दाबलेला ब्रेक इतका तापतो की पॅड पकड सोडतात, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडून खाली जातं. आधी जळकट वास येतो, मग चाकांतून धूर. वास आला तर थांबा, पण हँडब्रेक तापलेल्या चाकांवर करकचून लावू नका. पी मध्ये टाका, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास निवू द्या. पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते.

कॅमरीत लिव्हर एस मध्ये घेऊन मायनस दाबत दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरपर्यंत आणा. हायब्रिड असेल आणि लिव्हरवर बी असेल तर बी. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्या. ब्रेक दाबायचा तर घट्ट दाबून वेग दहा मैलांनी कमी करा आणि पूर्ण सोडून द्या, पाय नुसता ठेवून देऊ नका.

चढताना मत थोडं वेगळं: रस्ता कोरडा असेल आणि पुढे ट्रक नसेल तर जुना घाट लवकर संपतो. गाडी लागणाऱ्या माणसाला तेवढाच त्रास कमी. एसी बंद ठेवा, तापमानाचा काटा बघत चला. काटा वर सरकलाच तर हीटर फुल करा, इंजिनातली उष्णता केबिनमध्ये येते. सगळे घामाघूम होतील, पण इंजिन वाचतं.

---

साखळी नंबर एक

उतारकरूंच्या उतरायच्या सल्ल्याला अनुमोदन, चढायच्या सल्ल्याला नाही. चार माणसं, दोन दिवसांचं सामान, आणि ड्रायव्हर या रस्त्यावर नवखा. समोरून कोणी उतरत आला तर त्या चढावर थांबून पुन्हा गाडी काढणं आईबाबांसमोर करायची गोष्ट नव्हे. चढतानाही नवाच घ्या.

नव्या घाटात मागे पाच गाड्या साचल्या की बाजूच्या टर्नआउटमध्ये (गाडी बाजूला घ्यायच्या रुंद जागेत) जाऊन त्यांना वाट देणं कॅलिफोर्नियात कायद्याने बंधनकारक आहे. त्यात कमीपणा काही नाही, उलट मागचा तगादा गेला की वळणं सावकाश घेता येतात आणि आईंनाही बरं पडतं.

आता साखळ्या. नियम तीन पायऱ्यांचा आहे.

आर-१: टायरच्या कडेवर 'एम+एस' (मड अँड स्नो, चिखल-बर्फाचा टायर) अक्षरं असतील तर तुमची कॅमरी साखळ्या न लावता चालते, पण साखळ्या डिकीत हव्यातच.
आर-२: फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह आणि चारही टायर एम+एस असतील तरच सूट, आणि त्यांनीही साखळ्या सोबत ठेवायच्या. कॅमरीला लावाव्याच लागतात.
आर-३: सगळ्यांना. व्यवहारात त्याआधी रस्ताच बंद करतात.

म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर: ऑल व्हील ड्राइव्ह घेतलीत तरी साखळ्या विकत घेण्यातून सुटका नाही. वर भाड्याच्या गाडीच्या करारात साखळ्या लावायला बहुतेकदा मनाई असते. नुकसान झालं तर खर्च तुमच्या माथी. घरची कॅमरी आणि ६० ते १०० डॉलरच्या केबल साखळ्या हेच बरं.

साइज टायरच्या कडेवरून घ्या, उदाहरणार्थ २१५/५५ आर १७. अंदाजाने घेऊ नका, एक आकडा चुकला तरी हुक लागत नाही. गाडीचं मॅन्युअलही उघडा: काही टायर साइजवर कंपनीच साखळ्या लावू नका म्हणते. सेडानमध्ये टायर आणि सस्पेन्शन यांच्यात जागा कमी असते, म्हणून जाड कड्यांच्या साखळीपेक्षा केबलवाली घ्यायची.

लावायच्या पुढच्या चाकांना. फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, मागे लावून उपयोग शून्य. घरासमोर कोरड्यात एकदा लावून काढून बघा. बर्फात, बोटं बधिर झालेली असताना माहितीपत्रक वाचत बसणं म्हणजे कर्मकठीण. क्रम असा: टर्नआउटमध्ये सपाट जागी थांबा, पी, हँडब्रेक. साखळी चाकावर वरून पांघरा, आतल्या बाजूचा हुक आधी लावा, मग बाहेरचा. हुकांची उघडी टोकं टायरपासून बाहेर वळलेली हवीत, नाहीतर ती टायरची कड कापतात. रबरी ताण लावा. पन्नास-साठ मीटर चालवून पुन्हा थांबा आणि पुन्हा आवळा. नव्वद टक्के लोक हे दुसरं आवळणं गाळतात आणि मग सैल टोक फेंडरच्या आत फटाफट आपटत राहतं. ताशी २५ ते ३० मैलांच्या वर जायचं नाही. काळा रस्ता दिसायला लागला की काढा, डांबरावर केबल लगेच तुटते.

सोबत: जाड रबरी हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, गुडघ्याखाली टाकायला जुनी ताडपत्री किंवा शॉवरचा पडदा.

---

चकवाचांदणं

सर्वांचे आभार. टायरवर एम+एस आहे, आत्ताच खाली जाऊन पाहिलं. पण क्रेन फ्लॅटला बर्फ असेलच तर हायवे १४० ने जाणं शहाणपणाचं का? आणि तो निर्णय कुठवर पुढे ढकलता येतो?

---

कोपऱ्यातला मैलदगड

मँटेकापर्यंत. म्हणूनच ती जागा लक्षात ठेवायला सांगितली. १२० जिथे ९९ ला मिळतो तिथे उत्तरेला गेलात तर ओकडेल, दक्षिणेला गेलात तर मर्सेड आणि तिथून १४०. १४० मारिपोसा, मिडपाइन्स करत मर्सेड नदीला लागतो आणि नदीच्या काठाकाठाने एल पोर्टलला येतो. मधे कुठेही क्रेन फ्लॅटसारखी उंची नाही, त्यामुळे हिवाळ्यात पश्चिमेकडच्या तिन्ही वाटांत (१२०, १४० आणि ४१) हाच सगळ्यात भरवशाचा. फ्रीमाँटहून अर्धा-पाऊण तास जास्त धरा. २००६ साली ब्राइसबर्गच्या पुढे मोठी दरड कोसळून रस्ता गाडला गेला होता. त्या टप्प्यात एकेरी वाहतुकीसाठी सिग्नलला थांबावं लागू शकतं. साखळ्या १४० ने गेलात तरी डिकीत हव्यात, व्हॅलीतही चेन कंट्रोल, म्हणजे साखळ्यांची सक्ती, लागतो.

आल्टामाँट चढायच्या आधी दोन गोष्टी तपासा: पार्कच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यासाठी कॅलट्रान्सचं (राज्याच्या रस्ते खात्याचं) क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा, आणि आतल्या रस्त्यासाठी पार्कची ध्वनिमुद्रित माहिती, २०९-३७२-०२००. दोन्ही वेगळ्या यंत्रणा आहेत. क्विकमॅपवर १२० मोकळा दिसतो आणि गेटच्या आत आर-२ असतो, असं सर्रास होतं. घाटावरच्या ग्रोव्हलँड गावाच्या पुढे मोबाइलला रेंज नसते म्हटलं तरी चालेल, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. प्रवेशाला आगाऊ आरक्षण लागतं का, हे दर वर्षी बदलतं. पार्कच्या साइटवर बघा.

---

आवळासुपारी

आईंसाठी. पुढची सीट त्यांना, बाबा मागे. निघताना रिकामं पोट नको आणि तुडुंबही नको: दोन इडल्या किंवा सुकी पोळी, चहा कमी. अव्होमिन भारतातून आणली असेल तर ती किंवा इथली मेक्लिझिन, घाटाच्या तासभर आधी, म्हणजे ओकडेलच्या थांब्यावर. मोकॅसिनला घेऊन उपयोग नाही, असर व्हायच्या आत घाट संपतो. दोन्हींनी झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.

ग्रोव्हलँडला थांबाच. घाट संपलेला असतो, सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, आणि पुढे गेटपर्यंत अजून चोवीस मैल आहेत. घाट एकदाचा संपला म्हणून लोक तिथून सुसाट निघतात, पण गाडी लागते ती खरं तर क्रेन फ्लॅटच्या पुढच्या उतारावर, कारण वळणं तिथे थांबतच नाहीत.

---

चकवाचांदणं

समजलं. शेवटचं एक: १२० नेच आलो तर टनेल व्ह्यू वाटेत लागतो का? आईबाबांना पहिलं दर्शन तिथून घडवायचंय.

---

उतारकरू

वाटेत नाही लागत, तो हायवे ४१ वर आहे. व्हॅलीत साउथसाइड ड्राइव्ह एकेरी आत जातो आणि नॉर्थसाइड एकेरी बाहेर येतो. ब्रायडलव्हेल फॉलच्या फाट्याला साउथसाइडवर न घुसता उजवीकडे वावोनाच्या दिशेने दीड मैल चढा, बोगद्याच्या तोंडाशीच वाहनतळ आहे. फाटा हुकला तर पूर्ण चक्कर मारून यावं लागतं. शुक्रवारी दुपारी तीननंतर पोचलात तर सूर्य पाठीशी असतो, एल कॅपिटन आणि हाफ डोम या दोन्ही कड्यांवर ऊन. वाहनतळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. आईबाबांना रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून दर्शनाच्या बाजूचाच, तुम्ही चढत येताना उजव्या हाताचा घ्या.