व्हिटॅमिन डी ११ आलंय, ट्रान्सफर पुढे ढकलू का?

चिंचगूळ:
नमस्कार, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. वय ३४, पुण्यात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) चालू आहे, मार्चमधलं पहिलं ट्रान्सफर (तयार गर्भ गर्भाशयात सोडतात ते) निगेटिव्ह गेलं, दोन एम्ब्रियो (गर्भ) फ्रीझ आहेत. परवाच्या रिपोर्टमध्ये डी ११.६ नॅनोग्रॅम आलं, ३० च्या वर हवं म्हणतात. डॉक्टरांनी डीची ६०,००० युनिटची पावडर दिलीय, आठवड्यातून एक, आठ आठवडे, आणि म्हणाल्या की ट्रान्सफर जूनमध्येच करू, थांबायची गरज नाही. पण मी रात्री जागून नेटवर वाचत बसले, सगळीकडे तेच की डी कमी तर रिझल्ट कमी, आणि आता डोक्यातून जातच नाही की मागचं यामुळेच गेलं का. सासूबाई म्हणतात सकाळी सातला कोवळ्या उन्हात बस, तर तेही चालू आहे. तीन महिने थांबून ३० च्या वर नेऊन मग करावं का?

उकडीचा मोदक:
अगं आधी ते 'यामुळेच' काढून टाक बघू. माझं पहिल्या वेळी ९ होतं, राहिलं, लेक आता बालवाडीत आहे. दुसऱ्या खेपेला चांगलं ३८ होतं आणि दोनदा निगेटिव्ह. आता बोल.

लॅबवाला दादा:
मोदकताई, एकीच्या अनुभवावरून काही ठरत नाही, पण तुम्ही म्हणताय ते अगदीच चूक नाही. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या लोकांनी ११ अभ्यास एकत्र केले होते, साधारण २,७०० बायका, त्यात डी पुरेसं असलेल्यांना मूल होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. नेटवरचे बहुतेक लेख तिथूनच येतात. पण त्यात कोणाला डी देऊन बघितलं नव्हतं, फक्त कोणाचं किती आहे ते मोजलं. वजन जास्त असेल तर रक्तात डी कमी दिसतं आणि वजनाचा आयव्हीएफवरही परिणाम होतो, मग नक्की कशामुळे ते कसं कळणार?
देऊन बघितलं ते इटलीत, २०२१ ला छापून आलं. ६३० बायका, निम्म्यांना एकदम ६ लाख युनिट तोंडावाटे, निम्म्यांना खोटं औषध. प्रेग्नन्सी ३७ टक्के आणि ४० टक्के, आणि ४० वाल्या खोटं औषध घेतलेल्या! म्हणजे फरक नाहीच असं धरायचं. आता हेही सांगतो की तिथे अट ३० च्या खाली अशी होती, तुमच्यासारखं ११ असलेल्यांचाच वेगळा अभ्यास नव्हता. पावडर घ्याच, हाडांना आणि पुढे बाळाला लागतंच, पण त्यासाठी ट्रान्सफर थांबवायला मला तरी कारण दिसत नाही. डॉक्टर बरोबर सांगतायत.
आणि कोवळं ऊन छान असतं पण सातच्या उन्हात डी बनवणारे किरण जवळपास नसतातच, ते अकरा ते दोनच्या दरम्यान मिळतात. काचेच्या आत बसून तर काहीच नाही.

परदेशी पाहुणी:
मी डब्लिनला असते, इकडे रिपोर्ट नॅनोमोलमध्ये येतो. माझा ४५ आला म्हणून मी खूश, नंतर कळलं अडीचने भागायचं, म्हणजे तुमच्याकडच्या नॅनोग्रॅममध्ये १८ 😅 इकडचे आकडे वाचत असाल तर आधी युनिट बघा. आणि त्या ३० चं एवढं घेऊ नका, अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनेच (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) २०२४ मध्ये ती 'पुरेसं म्हणजे ३०' ची रेघ मागे घेतली.

मिरचीचा ठेचा:
एक महत्त्वाचं राहिलं. पावडर आठवड्यातून एकच!! आमच्या मावशीने ६०,००० वाली रोज घेतली महिनाभर, कोणाला पत्ताच नाही. उलट्या, बद्धकोष्ठ, कॅल्शियम वाढलेलं, शेवटी ॲडमिट. लवकर वाढावं म्हणून वरून ते इंजेक्शन वगैरे मनाने घेऊ नकोस. मी तर कॅलेंडरवर दर रविवारी खूण करायचे. आणि उपाशीपोटी नको, जेवणानंतर घे, तेलातुपासोबत नीट शोषलं जातं.

चिंचगूळ:
सगळ्यांना थँक्यू, खरंच. मी उपाशीपोटीच घेत होते 🙈 आज डॉक्टरांना फोन केला, जूनचंच ठरलंय, डी परत तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या. फोलिक ॲसिड चालू आहे ना एवढं मात्र दोनदा विचारलं.
आता सासूबाईंना हे अकरा ते दोनचं कसं सांगू, मे महिना आहे, मला गच्चीत उभी करतील.