मदत हवी आहे: ह्यूमचं तत्त्व लॉजिकमध्ये धरायचं का?

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनगटात रविवारी मला फ्रेगेवर (अंकगणित म्हणजे निव्वळ लॉजिकच, असं म्हणणारा जर्मन तर्कशास्त्रज्ञ) बोलायचंय आणि एका जागी गाडी अडलीये. 1902 मध्ये रसेलच्या पत्राने फ्रेगेचा पाचवा मूलनियम (दोन संकल्पनांखाली त्याच वस्तू येतात तेव्हाच त्यांचे संच एकच) कोसळला, इथपर्यंत क्लिअर आहे. पण क्रिस्पिन राइट वगैरे तत्त्वज्ञ म्हणतात तो नियम सोडा, फक्त ह्यूमचं तत्त्व घ्या (दोन गटांची एकास-एक जोडी लागते तेव्हाच त्यांची संख्या सारखी), सेकंड ऑर्डर लॉजिक (ज्यात 'सर्व वस्तू'सारखंच 'सर्व गुणधर्म' असंही म्हणता येतं) वापरून पेआनोचे नियम (0, 1, 2… या संख्यांचे मूळ नियम) निघतात. सिद्धता वहीत करून पाहिली, पटली. सेट थिअरीतून संख्या बांधतात ते माहितीये, ते सांगू नका प्लीज. अडचण अशी की या तत्त्वातून अनंत वस्तू आहेत असंच निघतं, मग त्याला निव्वळ लॉजिक कसं म्हणायचं, राइटवाले यावर नेमकं काय उत्तर देतात?