भाजावळीची धग सोसणारं कुंपण कोणतं लावावं?

काजूवाडी:
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात घरामागे परसाच्या कडेला साधारण 80 फूट कुंपण करायचं आहे. पलीकडे शेजारच्या काकांची दाढ (भाताची रोपं वाढवायची जागा) आहे. दर उन्हाळ्यात ते कवळ (झाडांच्या डहाळ्या), शेण, पातेरा (वाळका पाला) पसरून भाजावळ करतात, म्हणजे पेरणीआधी ती जमीन भाजतात. आमचा पातेराही त्याच कोपऱ्यात जळतो. सध्या तिथे मोरपंखीची रांग आहे. धगीच्या बाजूने ती तपकिरी पडली ती पडलीच, पाऊस होऊन गेला तरी फुटली नाही. काकांशी घरोबा आहे, भाजावळ बंद करा असं सांगायचं नाही. मग धग लागली तरी तग धरेल असं काय लावू? अडचणी दोन: उन्हाळ्यात गुरं मोकळी असतात, त्यांनी तोंड लावता कामा नये. आणि मार्चनंतर विहिरीला पाणी नसतं, म्हणजे शिंपणं विसरायचं.

रानकरवंद:
मोरपंखी काढून टाका, ती आता भरून येणार नाही. पानं गेलेल्या जुन्या फांदीला तिला नवा फुटवा येत नाही. शिवाय तिच्या पानांत तेल असतं आणि आतली वाळकी पानं गळून न पडता तिथेच अडकून राहतात. आज नुसती होरपळली, उद्या ठिणगी पडली तर पेटेल. सुरू आणि बांबूही त्या बाजूला नकोत, दोन्हींच्या बुडाशी वाळकं साचतं.
तुमच्या दोन्ही अटी पाळणारं झाड म्हणजे शेर. नावापुरती पानं, हिरव्या कांड्या रसाने भरलेल्या, पाणी लागत नाही, गुरं ढुंकून बघत नाहीत. साधारण 60 अंशांना पानातला जीव संपतो. पातळ कोरडं पान तिथवर लगेच पोचतं, रसाळ कांडीला वेळ लागतो. भाजावळीचा जाळ जोरात येतो आणि लवकर बसतो, त्यामुळे हा वेळ महत्त्वाचा.

लाल_माती:
गिरिपुष्प का नको? काठ्या रोवल्या की कुंपण तयार, वर शेताला पाला. आमच्याकडे सगळ्या बांधांवर तेच आहे.

रानकरवंद:
पाल्यासाठी गिरिपुष्पाला तोड नाही, पण या कडेला नको. थंडी सरली की ते पानं टाकून फुलतं, म्हणजे नेमकं भाजावळीच्या तोंडावर खाली वाळक्या पानांचा थर. मोगली एरंडाचं तेच, शिवाय बिया तेलाच्या. कुंपणाचं झाड निवडताना ते फेब्रुवारी ते मे कसं दिसतं हे आधी बघा. पावसात सगळंच हिरवं असतं.

देवगडची_माई:
काजूवाडी, घरात लहान मुलं आहेत का? असतील तर शेर लावताना दहादा विचार करा बाळा. चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसेनासंही होऊ शकतं. धगीने कांडी तडकली की चीक आपोआप गळतो. मी तर कोयनेल सांगेन. बारमाही हिरवी, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, कडू म्हणून गुरं सोडून देतात, आणि एक बाजू होरपळली तरी कापली की पुन्हा फुटते. मध्ये मध्ये निगडी घाला.

काजूवाडी:
माई, मुलं आहेत, मोठा पाच वर्षांचा. शेर मग अंगणाकडे नकोच. कण्हेर चालेल का? तीही गुरं खात नाहीत.

देवगडची_माई:
कण्हेर आगीजवळ अजिबात नको. झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे आणि जळलं तर धूरही विषारी. तिची छाटणीसुद्धा पातेऱ्यात जाळू नका, पुरून टाका.

सड्यावरचा:
आमची काजूची बाग सड्याला (कातळाच्या माळाला) लागून आहे, वणवा दरवर्षी दाराशी येतो. नुसत्या झाडांवर विसंबू नका. काकांच्या बाजूला जांभ्या दगडाचा गडगा (बुटकी भिंत) घाला, तीन फूट पुरे. कुंपण त्याच्या आत. समोरून येणारी धग दगड अडवतो आणि झाडाचं बूड वाचतं. वरचा पाला गेला तरी बूड जिवंत असेल तर निगडी आणि करवंद परत येतात. सड्यावर आग गेल्यावर करवंदीच्या जाळीचा नुसता काळा सांगाडा उरतो, बोटाने मोडला तर कटकन तुटतो. पण बुडाशी माती उकरली की नखाएवढे कोंब दिसतात, पहिला पाऊस पडायच्या आधीच.
आणि गडग्याबाहेर चार फूट पट्टा साफ ठेवा. फेब्रुवारीत गवत कापून, पातेरा झाडून, तांबडी माती दिसली पाहिजे. वनखात्याची जाळरेषा असते, त्याचंच हे घरगुती रूप. कुंपणाला पातेऱ्याचं आच्छादन करू नका, एरवी ते चांगलं असलं तरी इथे तो सरपणच होतो.

रानकरवंद:
सड्यावरचा यांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो: तुमचा स्वतःचा पातेरा जाळूच नका, आंब्या-माडांच्या आळ्यात घाला. जाळायचाच झाला तर ढीग कुंपणापासून 15 फूट तरी लांब. लहान जाळापासून अंतर दुप्पट केलं की धग साधारण चौथाई होते. काकांना एवढंच सांगा की सकाळी लवकर पेटवा. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की जाळ आडवा होतो.

काजूवाडी:
ठरलं तर. काकांच्या बाजूला गडगा (दगड परसातच पडलेला आहे), आत कोयनेल, मध्ये निगडी, आणि गोठ्याकडच्या कोपऱ्यात करवंद. सकाळी पेटवायला काका तयार आहेत. कोयनेल कधी लावू?

देवगडची_माई:
पाऊस लागला की. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या, वीतभर, फूटभर अंतराने, दोन ओळीत तिरक्या. निगडीच्याही काड्याच लाव. पहिल्या उन्हाळ्यात मुळं खोल गेलेली नसतात, तेव्हा भांडी-धुण्याचं पाणी तेवढं त्या ओळीकडे वळव.