मदत हवी आहे: ‘२०४८’ खेळताना ठरल्या वेळी थांबावे कसे?

२०१४ साली आलेला ‘२०४८’ हा आकडे जुळवण्याचा खेळ मी रोज दहा मिनिटांसाठी उघडतो आणि दीड तासाने बंद करतो, कारण डाव फसला की दुसरा लगेच मांडता येतो आणि २०४८ चा आकडा जुळला तरी खेळ पुढे चालूच ठेवता येतो. ॲप काढून टाकले, तर खेळ ब्राउझरमध्ये उघडतो. फोनवर वेळमर्यादा लावली, पण ती वाढवण्याचे बटण माझ्याच हाताशी असते. (गजराकडे तर मी आता लक्षही देत नाही.) खेळ पूर्णपणे सोडायचा नाही आणि कामासाठी फोन जवळ लागतोच. ‘वर्डल’सारख्या, दिवसाला एकच कोडे देणाऱ्या खेळाकडे वळून कोणाची ही ओढ खरोखर कमी झाली आहे का, की ठरावीक वेळेनंतर ब्राउझरमधील एकच पान बंद करणारी आणि मला सहज उठवता न येणारी एखादी सोय आहे?