घरातल्या रोजच्या साध्या क्षणांत मन कसं लावता? मला जमत नाहीये

निळीशाई

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. घरात आम्ही पाच जण, मी, नवरा, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासरे. तक्रार करावी असं खरंच काही नाही, तब्येती बऱ्या आहेत, नोकऱ्या आहेत, घरात भांडणं नाहीत. तरी रात्री आडवी झाले की वाटतं आजचा दिवस गेला कुठे. मुलीची वेणी घातली, मुलाला झोपवलं, सासऱ्यांच्या गोळ्या काढून दिल्या, कपड्यांच्या घड्या घातल्या, सगळं हातांनी झालं पण मी तिथे नव्हतेच. डोक्यात एक तर ऑफिसचं काहीतरी नाहीतर उद्याची यादी.

परवा वेणी घालताना मुलगी शाळेतल्या मैत्रिणीचं काहीतरी सांगत होती, बरंच मोठं होतं, मी आपली हं हं करत होते. मधेच थांबून म्हणाली, आई, मी आत्ता काय म्हणाले सांग. मला सांगता आलं नाही. ती रागावली पण नाही हो, नुसतं "जाऊ दे" म्हणाली आणि गप्प बसली. ते जाऊ दे माझ्या कानातून जात नाहीये.

छोट्या गोष्टींत सुख असतं हे मला मान्य आहे, अगदी मनापासून मान्य आहे, पण त्या चालू असताना मला ते लागत का नाही? ट्रीपला गेलो की मी पूर्ण तिथे असते, परत आले की आठवड्यात पुन्हा तेच. प्लीज नुसतं "आहे त्यात समाधान माना" असं लिहू नका, तुम्ही रोजच्या रोज नक्की काय करता ते सांगा.

दोन_लेकींचा_बाबा

ताई, हे फक्त तुमचंच होत नाहीये. मी पण यातून गेलोय म्हणून जरा वाचलं होतं. 2010 साली किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांचा एक अभ्यास सायन्स नावाच्या विज्ञान साप्ताहिकात आला होता, 2,250 मोठ्या माणसांना फोनवर दिवसात अधूनमधून विचारायचे की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय. तर जितक्या वेळा विचारलं त्यातल्या 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे जवळपास अर्धा वेळ! आणि मन भटकलेलं असताना माणसं कमी आनंदी होती, काम कंटाळवाणं असो नाहीतर आवडीचं. मला सगळ्यात लागलं ते हे की चांगल्या विचारात रमलेली माणसं सुद्धा हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त खुश नव्हती.

ट्रीपचं म्हणाल तर नव्याची सवय सगळ्यांनाच होते, ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्येच हे मांडलंय, चांगली गोष्ट घडली की थोडे दिवस वर जातो आणि मग पुन्हा मूळ पातळीला येतो. त्यामुळे ट्रीप वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही.

मी काय करतो ते सांगतो, एकच गोष्ट करतो. दिवसातलं एक काम ठरवलंय, धाकटीच्या बुटाची नाडी. ती शिकतेय, तिला बराच वेळ लागतो, आधी मी घाई करून स्वतःच बांधून टाकायचो. आता तेवढ्या वेळात मी खाली बसतो आणि नुसता तिच्या बोटांकडे बघतो. ती जीभ बाहेर काढून पहिला फास करते, तो सुटतो, मग पुन्हा. फोन दुसऱ्या खोलीत. बाकी दिवसभर मन कुठे जायचं तिथे जाऊ दे, मी त्याच्या मागे लागत नाही. पण नाडीच्या वेळी मी तिथे असतो. पहिले आठ-दहा दिवस काहीच वाटलं नाही हे पण प्रामाणिकपणे सांगतो, उलट उशीर होतोय म्हणून छातीत धडधडायचं.

मोकळीक

वाचतेय. माझं पण सेम आहे, फक्त मुलगा पंधराचा आहे आणि तो आता सांगतच नाही काही. निळीशाई, तुमची अजून सांगतेय हे फार मोठं आहे.

पैलतीर

मी वयाने बरीच मोठी आहे तुम्हा सगळ्यांपेक्षा म्हणून थोडं वेगळं लिहिते. तुमच्या वयात मला पण मोठ्या गोष्टीच आठवायच्या, बढती, नवीन घर, मुलाचा निकाल. भट्टाचार्जी आणि मोगिलनर यांचा 2014 चा एक अभ्यास मुलीने वाचून दाखवला होता, त्यात असंच होतं की तरुणपणी माणसाला सुख जास्त करून वेगळ्या, क्वचित घडणाऱ्या गोष्टींतून मिळतं, आणि पुढे उरलेला काळ कमी वाटायला लागला की साध्या रोजच्या गोष्टी तेवढंच सुख द्यायला लागतात. ऐकताना मी रडले, कारण मला ते वाचायची गरजच नव्हती.

आमचे हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही खूप फिरलो, फोटो भरपूर आहेत, बघते कधीकधी. पण जे नसल्यामुळे घर रिकामं वाटतं ते कुठल्याच फोटोत नाही. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरायची आणि मग ते दारातच चपला काढताना "आहेस का गं?" म्हणायचे. मी कुठे जाणार होते? रोज घरातच असायचे. तरी रोज विचारायचे, आणि मी आतूनच "हो" म्हणायचे, बरेचदा न बघता, हातातलं न सोडता.

बाळा, तेव्हा मला काही विशेष सुख वाटत नव्हतं. हेच तुला सांगायचंय. त्या क्षणी काही वाटलं नाही म्हणजे तो वाया गेला असं नसतं, तो आत कुठेतरी राहतो. फक्त एकदा तरी बाहेर येऊन हो म्हणाले असते तर बरं झालं असतं, एवढीच रुखरुख आहे.

मधली_पाळी

पैलतीर काकू, तुमचं वाचून थोडा वेळ काही टाईपच करता आलं नाही.

मला जरा उलट बाजू मांडायची आहे, राग मानू नका. प्रत्येक क्षण अनुभवा, हे दिवस परत येणार नाहीत, असं सारखं ऐकून माणसाला अजून एक काम लागतं. माझ्या आईला विसरण्याचा आजार आहे, चार वर्षं मी तिचं सगळं करतो. तिची नखं कापणं, तिला कपडे घालणं, तोच प्रश्न दहा वेळा. सगळ्यात सुख शोधायचं ठरवलं असतं तर मी मोडून पडलो असतो. काही दिवस निव्वळ थकव्याचे असतात आणि ते तसेच जाऊ द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एक गोष्ट मला उपयोगी पडली. जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी पुन्हा बघितलं कोण एकत्र आहे. त्यांचं म्हणणं असं की माणसं दिवसभर एकमेकांना बारीक बारीक हाका मारत असतात, "हे बघ ना", एखादा उसासा, नुसतं बघणं. त्या हाकेला समोरचा वळतो का हे त्यांनी मोजलं. जी जोडपी टिकली होती ती 86 टक्के वेळा वळलेली होती, जी वेगळी झाली ती 33 टक्के. आता हे नवराबायकोंवरचं आहे, आई-मुलांना जसंच्या तसं लावता येणार नाही, पण मला त्यातून काम सोपं झालं. मला सुख तयार करायचं नाहीये, हाक आली की वळायचंय. आणि टिकलेल्यांनी सुद्धा शंभर टक्के वळलेलं नव्हतं हे पण लक्षात घ्या, ते मला फार धीर देतं.

आई आता माझं नाव घेत नाही. पण नखं कापताना कधीतरी माझा अंगठा धरून ठेवते. ती तिची हाक आहे असं मी धरतो, नेलकटर खाली ठेवतो आणि ती सोडेपर्यंत बसून राहतो. कधी अर्धा मिनिट, कधी बराच वेळ. बाकी वेळ मी पण यादीच करत असतो डोक्यात.

निळीशाई, तुमच्या मुलीचं "मी काय म्हणाले सांग" हे मला तीच हाक वाटते. तिने विचारलं म्हणजे तिला अजून वाटतंय की तुम्ही वळाल.

जुनी_वही

मधली_पाळी यांच्याशी सहमत. माझी भर छोटी आहे.

आम्ही घरी एक वही ठेवलीय, त्यात आठवड्यातून एखाद्या अगदी साध्या दिवसाच्या दोन-तीन ओळी लिहायच्या, कोणीही. वाढदिवस वगैरे मुद्दाम नाही लिहायचे, ते तसेही लक्षात राहतात. 2014 मध्ये सायकॉलॉजिकल सायन्स या मानसशास्त्राच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात विद्यार्थ्यांनी आपले चालू साधे दिवस नोंदवून ठेवले, कुठली गाणी ऐकतोय, शेवटचं बोलणं काय झालं असं, आणि तीन महिन्यांनी उघडून बघितले. वाचायला आपल्याला किती आवडेल याचा त्यांनी आधी जो अंदाज केला होता त्यापेक्षा जास्त आवडलं. आणि हा अंदाज खास दिवसांपेक्षा साध्या दिवसांच्या बाबतीत जास्त चुकतो, असंही त्यात होतं. आम्हाला घरी हा अनुभव रोजचा आहे. दोन वर्षांपूर्वीची एक नोंद आहे, "लाईट गेले, सगळे एकाच खोलीत, दादा भिंतीवर सावलीचा ससा करत होता, त्याला जमला नाही, बाबा म्हणाले हे गाढव आहे." तेव्हा लिहिताना वाटलं होतं काय हे लिहायचं. आता ते पान सगळे मागून घेऊन वाचतात. दादा आता परदेशात असतो, त्याने फोटो काढून पाठवायला सांगितलं होतं त्या पानाचा.

मोबाईलमध्ये फोटो काढला की झालं असं नाही बरं का, नुसता फोटो काढला की उलट गोष्ट कमी लक्षात राहते असं लिंडा हेंकल या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या 2014 च्या संग्रहालयातल्या प्रयोगात दिसलं होतं. त्यात एक बारीक गंमत होती, वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला तर मात्र आठवण कमी झाली नाही. म्हणून आमच्या वहीचा एक नियम आहे, नोंदीत एक तरी बारीक तपशील हवा. "मजा आली" लिहिलं की परत लिहायला लावतात.

मोकळीक

वही मी पण सुरू करतेय. मुलगा बोलत नाही तर लिहील कदाचित. नाहीच लिहिलं तर मी त्याच्याबद्दल लिहून ठेवीन, पुढे कधीतरी वाचेल.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पैलतीर काकू, तुमचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही पण दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर दारातून हाक मारली आणि मी उठून बाहेर गेले.

मी वेणीचीच वेळ धरली, तेवढीच. चार दिवस झाले. पहिले दोन दिवस ती काही बोललीच नाही, मी नुसते केस बघत होते. तिच्या मानेवर केसांच्या खाली एक छोटा तीळ आहे, तो मला माहीतच नव्हता, की माहीत होता आणि विसरले होते कोण जाणे. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, त्या दिवशी तू मैत्रिणीचं सांगत होतीस ते मी ऐकलं नाही, माझं चुकलं, परत सांगशील का? तर म्हणाली, ते आता जुनं झालं, तेव्हा कट्टी होती, आता बट्टी झाली. मला एकदम वाईट वाटलं की कट्टी माझ्या हातून गेलीच. मग म्हटलं बट्टी कशी झाली ते तरी सांग.

ते फार लांब होतं. मधे एक खोडरबर होतं, ते कोणी परत केलं यावरून बरंच काही होतं, एक तिसरी मुलगी पण होती. वेणी संपली तरी गोष्ट संपेना, म्हणून मी वेणी सोडली आणि परत घालायला घेतली. तिच्या लक्षात आलं असावं, पण ती काही म्हणाली नाही, मान सरळ धरून बोलत राहिली.